नव्या गावात वकिली सुरू करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या एखाद्या अनोळखी तालुक्याच्या गावी वकिलीचं बस्तान बसवू पाहणाऱ्या तरुण वकिलांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत शहर सोडून आलेले आहेत, लग्नानंतर गाव बदललेल्या आहेत आणि घरात आधी कुणीच वकील नसलेलेही आहेत. साधे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सनद झाली आहे, पण ऑल इंडिया बार परीक्षा अजून द्यायची आहे. तोवर कोर्टात उभं राहता येईल का?

येईल. सनदेपासून (म्हणजे वकिलीच्या नोंदणीपासून) दोन वर्षांची सवड मिळते, तेवढ्यात परीक्षा पास व्हायचं. या काळात वकीलपत्र (पक्षकाराने वकील नेमल्याचा कागद) दाखल करण्यापासून युक्तिवादापर्यंत सगळं चालतं. दोन वर्षांत पास झाला नाहीत तर काम थांबवावं लागतं, आणि नव्या गावात जरा जम बसायला लागला की नेमकी हीच मुदत संपत आलेली असते. शंभर वस्तुनिष्ठ प्रश्न असतात, खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, टिपा नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. पुढे ढकलण्यासारखं त्यात काही नाही.

ज्यांची सनद अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी: ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम २४ प्रमाणे नोंदणी शुल्क एकूण ७५० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना १२५. याहून जास्त घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केलं आहे.

२. माझं सगळं शिक्षण आणि सनद पुण्याची. आता विदर्भातल्या तालुक्याला जायचंय. सनद बदलून घ्यावी लागेल का?

नाही. तुमची सनद बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची आहे, पुण्याची नाही. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३० मुळे देशातल्या कुठल्याही न्यायालयात वकिली करण्याचा हक्क मिळतो. हे कलम १५ जून २०११ पासून लागू झालं. राज्यच कायमचं बदलणार असाल तर कलम १८ खाली नाव दुसऱ्या राज्याच्या यादीत हलवता येतं, आणि त्याला कायद्याने शुल्क नाही.

करायचं ते एवढंच: बदललेला पत्ता बार कौन्सिलला लेखी कळवा आणि नव्या गावच्या वकील संघाचे सभासद व्हा. सभासदत्व पहिल्याच आठवड्यात घ्या. बाररूममध्ये बसायला जागा, कपाट, ग्रंथालय आणि निरोपाचा पत्ता त्यातून मिळतो.

३. गाव निवडायचं कसं? मला तीन तालुके सारखेच वाटतात.

आधी कोर्ट बघा, घरभाडं नंतर. काही ठिकाणी दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी असं एकच न्यायालय असतं. तिथे साहेबांची बदली झाली किंवा ते रजेवर गेले की चार्ज दुसऱ्या कोर्टाकडे जातो आणि महिनाभर नुसत्या तारखा पडतात. ज्या गावात वरिष्ठ स्तर आणि जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालयही आहे तिथे जामीन, अपिलं, भूसंपादनाचे संदर्भ असं वेगवेगळं काम मिळतं आणि नवा माणूस लवकर तयार होतो. प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालय आणि दुय्यम निबंधक त्याच गावी आहेत का, हेही बघा. कारण प्रश्न १२ मध्ये दिलंय.

रोजचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. तो बघून कामाचा अंदाज येतो, पण वकिलांचा अंदाज मागच्या बाकावर बसल्याशिवाय येत नाही. आठवडाभर बसा. पुकारा झाला की त्याच तीन-चार वकिलांची नावं पुन्हापुन्हा ऐकू येत असतील तर बहुतेक नवे घाबरतात. माझ्या मते उलट आहे. तीन माणसांकडे इतकी कामं साठली असतील तर एका वेळी दोन कोर्टांत उभं राहणं त्यांना जमत नसतं, आणि त्यांना विश्वासाचा ज्युनिअर हवाच असतो. ज्या बारमध्ये पन्नास जण बसलेत आणि बोर्डावर सतरा मॅटर आहेत, तिथे जाताना मात्र दोनदा विचार करा.

वरचं कोर्ट कुठे आहे यानेही फरक पडतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला बसतं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. या पट्ट्यातल्या तालुक्याच्या वकिलाला आता पक्षकाराबरोबर हायकोर्टात जाऊन येणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे.

४. गावात माझं कुणीच नाही. पहिली केस येणार कुठून?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही: पहिलं काम पक्षकाराकडून येत नाही, कोर्टातल्या माणसांकडून येतं. गावातला माणूस वकील निवडताना पाटी बघत नाही. तो ओळखीच्या वकिलाला, बेलिफाला, टायपिंगवाल्याला, स्टॅम्प व्हेंडरला विचारतो, “नवीन आलेत ते कसे आहेत?” तेव्हा पहिले सहा महिने तुमचं खरं गिऱ्हाईक हीच मंडळी, असं धरून चाला.

सुरुवात अशी होते. सकाळी अकराला कोर्ट बसतं. कुणीतरी सीनियर सत्र न्यायालयात अडकलेले असतात, ते जाता जाता म्हणतात, “जरा माझ्या मॅटरमध्ये उभे राहा, मुदत घ्या.” इथे दोन प्रकारचे ज्युनिअर दिसतात. एक जण पुकारा झाल्यावर उठतो, “साहेब, तारीख द्यावी” म्हणतो आणि बसतो. दुसरा पाच मिनिटं फाइल चाळतो. मॅटर कुठल्या टप्प्यावर आहे, मागच्या तारखेला रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) काय लिहिलंय, मुदतीचं कारण काय द्यायचं आणि समोरच्याने खर्च मागितला तर काय म्हणायचं, हे तो बघून ठेवतो. मग पुढची तारीख आणि झालेला हुकूम सीनियरना त्यांनी विचारायच्या आत मेसेज करतो. दुसऱ्या ज्युनिअरला महिन्याभरात कुणीतरी साक्षीदाराचा उलटतपास घ्यायला सांगतं.

दुसरी वाट तालुका विधी सेवा समितीची. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, कोठडीतले आरोपी यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्या वकिलांच्या पॅनेलसाठी अर्ज करा. मोबदला थोडा असतो आणि उशिरा येतो. पण अख्खी केस पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत एकट्याने चालवायची संधी नव्या माणसाला दुसरीकडे कुठे मिळते? शिवाय न्यायाधीश तुम्हाला काम करताना बघतात.

पोलीस ठाणं, सरकारी दवाखाना इथे घुटमळणारे आणि “केस आणतो, माझं बघा” म्हणणारे पहिल्याच महिन्यात गाठतात. त्यांच्याकडून एक केस घेतली तरी गावभर होते. नियमातही ते बसत नाही (प्रश्न ७).

५. थेट स्वतःचं ऑफिस टाकू, की सीनियरकडे बसू?

बसा, निदान वर्षभर. शहरात पाच वर्षं काम केलेलं असलं तरी नव्या कोर्टाच्या रीती वेगळ्या असतात. अर्ज कोणत्या वेळेला घेतात, साहेब युक्तिवाद लेखी मागतात की तोंडी ऐकतात, कोणत्या टेबलाला काय लागतं, हे पुस्तकात मिळत नाही.

पैशांचं पहिल्याच दिवशी बोला. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना किमान विद्यावेतन म्हणून शहरी भागात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये सुचवले आहेत. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी एवढं देणारे सीनियर विरळाच. “पेट्रोलपाणी निघेल” यावर बोळवण होणार असेल तर बदल्यात दोन गोष्टी मागा: स्वतःच्या नावावर केस घेण्याची मुभा आणि वकीलपत्रावर सीनियरबरोबर तुमचं नाव. नुसत्या फायली उचलायला ठेवणारा सीनियर मोठ्या नावाचा असला तरी सोडा.

६. ऑफिस कुठे घ्यावं आणि पाटीवर काय लिहावं?

कोर्टापासून चालत जाता येईल असं, तळमजल्यावर, बाहेर चार माणसं बसू शकतील इतकं. खेड्यावरून येणारा पक्षकार एकटा येत नाही. भाऊ, मेहुणा, सरपंच, कधी कधी अख्खी भावकी येते. सुरुवातीला घराचीच पुढची खोली चालते.

पाटी माफक आकाराची, नाव आणि शिक्षण एवढीच. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे (पुढे नुसता नियमाचा क्रमांक असेल तिथे हेच नियम) पाटीवर किंवा लेटरहेडवर अमुक कामाचे तज्ज्ञ, अमुक संघटनेचे पदाधिकारी, माजी न्यायाधीश असं काहीही लिहिता येत नाही. “जमिनीच्या व घटस्फोटाच्या केसेस घेतल्या जातील” अशा पाट्या गावोगावी दिसतात, म्हणून त्या नियमात बसतात असं नाही. नोटरीची पाटी लावायची घाई नको; त्या नेमणुकीला साधारणपणे दहा वर्षांची वकिली लागते, काही गटांना सात.

७. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप स्टेटस यावर जाहिरात केली तर कुणाला कळतंय?

सगळ्यात आधी बारमधल्या लोकांनाच कळतं, आणि तक्रारही तेच करतात.

नियम ३६ खाली काम मागणं आणि जाहिरात करणं, दोन्ही बंद. प्रत्यक्ष केलं काय नि दलालामार्फत केलं काय, सारखंच. २००८ मध्ये एक सवलत आली: स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, फोन, ईमेल, नोंदणी क्रमांक व तारीख, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढी माहिती देता येते. त्यापलीकडे नाही. “आज अशिलाला जामीन मिळवून दिला” म्हणून हार घातलेला फोटो टाकणं सरळ सरळ जाहिरात आहे. पैसे घेऊन वकिलांची नावं पुढे करणाऱ्या संकेतस्थळांविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये कडक निकाल दिला आहे.

कायद्याची माहिती देणारा लेख लिहिणं, शाळेत-ग्रामसभेत कायदेविषयक शिबिरात बोलणं याला अडचण नाही. शेवटी फोन नंबर देऊन “संपर्क साधा” म्हणालात की तेही घसरतं.

८. फी किती सांगू? कमी सांगितली तर किंमत राहत नाही, जास्त सांगितली तर माणूस उठून जातो.

गावातला चालू दर सीनियरना विचारा आणि नवे आहात म्हणून थोडं खाली राहा, पण निम्म्यावर येऊ नका. एकदा “स्वस्तातले वकील” झालात की दर वाढवणं फार अवघड.

आकड्यापेक्षा पद्धत महत्त्वाची. फी वेगळी आणि खर्च वेगळा: कोर्ट फी स्टॅम्प, नोटिशीचा प्रोसेस, टायपिंग, नकला. दोन्ही पहिल्या बैठकीत कागदावर लिहून द्या. टप्पे पाडा: दावा दाखल करताना इतके, निशाणी ५ च्या (तात्पुरत्या मनाईच्या) अर्जाच्या युक्तिवादाला इतके, पुरावा सुरू होताना इतके. शेतकरी पक्षकाराचा पैसा हंगामाला येतो, तेव्हा टप्पे त्याच्याशी जुळवलेत तर वसुलीचा निम्मा त्रास वाचतो. पावती द्या, किंवा निदान यूपीआयवर घ्या. खर्चासाठी घेतलेल्या पैशांचा हिशेब वेगळा ठेवणं हे तर नियमानेच बंधनकारक आहे.

स्त्री पक्षकार असेल तर एक गोष्ट आधी तपासा. पोटगी, मालमत्ता, हिंसाचार, घटस्फोट अशा प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. ती माफी माहीत नसल्याने खर्चाचा आकडा फुगवून सांगितला जातो, आणि बाई केसच करत नाही.

“निकाल लागला की दहा टक्के घ्या” असं भूसंपादनाच्या आणि अपघाताच्या केसमध्ये हमखास ऐकायला मिळतं. घ्यायचे नाहीत. निकालावर अवलंबून फी किंवा मिळणाऱ्या रकमेत हिस्सा, दोन्हीला नियम २० मनाई करतो. आजूबाजूचे घेतात, हे शिस्तपालन समितीपुढे चालत नाही.

९. पक्षकाराने फी बुडवली. त्याचे मूळ कागद अडवून ठेवले तर?

ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलं की फीसाठी पक्षकाराची कागदपत्रं रोखून धरण्याचा हक्क वकिलाला नाही. तसं करणं गैरवर्तन ठरतं. फीसाठी नोटीस द्या, दावा करा, पण कागद पोच घेऊन परत करा. मुळात मूळ खरेदीखत, मूळ चेक असलं काही लागेल तेव्हाच घ्या आणि काम झालं की लगेच परत द्या. झेरॉक्सवर बरंच काम भागतं.

१०. दुसऱ्या वकिलाचा पक्षकार माझ्याकडे आला आहे. घेऊ का?

आधीच्या वकिलाची संमती घेऊन. नियम ३९ तेच सांगतो. संमती मिळत नसेल तर कारण नमूद करून कोर्टाची परवानगी मागायची.

नव्या गावात याला आणखी एक पदर आहे. पहिल्या काही महिन्यांत तुमच्याकडे येणारे बरेचसे पक्षकार चार वकील फिरून आलेले असतात. सगळेच लबाड असतात असं नाही. काहींची खरोखर परवड झालेली असते. म्हणून आधी फाइल पूर्ण बघा, आधीच्या वकिलांना स्वतः जाऊन भेटा. “साहेब, तुमचे अमुक अमुक माझ्याकडे आलेत, तुमची काही हरकत?” एवढं बोललात तरी निम्म्या वेळा ते हसून सही करतात आणि त्या पक्षकाराबद्दल जे सांगतात ते फीपेक्षा मोलाचं असतं.

११. डायरी तर सगळेच ठेवतात. मुदती चुकू नयेत म्हणून नक्की काय करायचं?

कोर्टाच्या तारखांची डायरी आणि कायद्याच्या मुदतींची डायरी वेगळी ठेवा. पहिली चुकली तर पुन्हा तारीख मिळू शकते. दुसरी चुकली तर हक्कच जातो.

न वटलेल्या चेकचं उदाहरण घ्या. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोहोचल्यापासून समोरच्याला १५ दिवस, ते संपल्यापासून एक महिन्यात फिर्याद. फिर्यादीला झालेला उशीर सबळ कारणावर माफ होऊ शकतो. नोटिशीचे ३० दिवस हुकले की त्या मेमोवरची केस गेली. तेव्हा पक्षकार चेक घेऊन दारात आला की पहिला प्रश्न रकमेचा नाही, “मेमो कधी मिळाला?” हा.

प्रतिवादीकडून काम आलं तर समन्स मिळाल्याची तारीख लिहून घ्या: कैफियतीला (दाव्याच्या लेखी उत्तराला) ३० दिवस, कोर्टाने वाढवले तर ९० पर्यंत. “कैफियत नाही” असा हुकूम झाला की तो रद्द करून घेण्यात खर्चही जातो आणि तोंडही.

निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवस असतात, आणि नक्कल मिळवायला लागलेला वेळ मुदत कायदा १९६३ च्या कलम १२ प्रमाणे वजा होतो. पण अर्ज टाकल्यापासूनचा. त्याआधी घरात घालवलेले दिवस तुमचे.

प्रत्येक केसचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (ई-कोर्ट्सवरचा त्या केसचा ओळख क्रमांक) फाइलच्या कव्हरवर लिहा. पक्षकारालाही द्या, रोजचे “तारीख काय पडली” चे फोन कमी होतात.

१२. महसुली कामं शिकावीत का? कॉलेजात तर काहीच शिकवलं नाही.

शिकाच. तालुक्यात निम्मी भांडणं बांधावरून सुरू होतात आणि तहसीलमध्ये जातात. सातबारा, आठ-अ, फेरफार, गटाचा नकाशा हे वाचता येत नसेल तर दिवाणी दावाही नीट मांडता येणार नाही.

सुरुवातीला एवढं पुरे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मधली कलमं: १५० फेरफारासाठी, १५५ लेखनदोष दुरुस्तीसाठी, ८५ वाटपासाठी, १४३ बांधावरून रस्त्यासाठी, २४७ अपिलासाठी, २५७ पुनरीक्षणासाठी. तहसीलदारांच्या हुकमावर प्रांताकडे अपील ६० दिवसांत. आणि मामलेदार न्यायालय कायदा १९०६ चं कलम ५: वहिवाटीचा रस्ता किंवा पाणी अडवलं तर तहसीलदारांकडे दावा, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. कलम १४३ आणि कलम ५ यांची गल्लत जुन्या वकिलांकडूनही होते. पहिल्यात रस्ता नव्याने मागायचा असतो, दुसऱ्यात असलेला मोकळा करून घ्यायचा.

एखाद्या निवृत्त तलाठ्याची ओळख काढा. जुन्या फेरफाराचं मोडकंतोडकं अक्षर आणि त्यातली आणेवारी (आण्यांत लिहिलेले हिस्से) उलगडून सांगणारा त्याच्यासारखा गुरू नाही.

१३. माझं ड्राफ्टिंग इंग्रजीत चांगलं आहे. गावात मराठीतच लिहावं लागतं का?

२१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने उच्च न्यायालयाखालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे. इंग्रजी अर्ज कुणी परत फेकत नाही, पण साक्षीपुरावा मराठीत नोंदला जातो आणि पक्षकाराला स्वतःचं प्रतिज्ञापत्र समजलं पाहिजे. न समजलेल्या कागदावर सही केलेला वादी उलटतपासात पहिल्या पाच प्रश्नांत कोसळतो. जुन्या निकाली फायलींतले दावे वाचा. मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, दाव्याचं कारण कसं मांडतात ते तिथे दिसेल. मात्र त्यातली पानभर लांब वाक्यं उचलू नका.

१४. जुने फौजदारी कायदे की नवे, अजून गोंधळ होतो.

गुन्हा कधी घडला ते बघा. १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल तर भारतीय दंड संहिता, त्या दिवसापासून पुढचा असेल तर भारतीय न्याय संहिता. त्या तारखेला चालू असलेले खटले जुन्या प्रक्रिया संहितेनेच पुढे जातात. अर्जाच्या मथळ्यात कायद्याचं नाव लिहायला विसरू नका. नुसतं “कलम ४८२” म्हटलं तर जुन्यात ते उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार आणि नव्यात अटकपूर्व जामीन.

१५. एप्रिल-मे महिन्यात काळा कोट घालावाच लागतो का?

तालुका आणि जिल्हा न्यायालयात उन्हाळ्यात कोट सक्तीचा नाही, बार कौन्सिलच्याच नियमात तशी सूट आहे. गाऊनही सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून ऐच्छिक. बँड मात्र हवाच; जिल्हा आणि सत्र न्यायालयाखालच्या कोर्टात त्याऐवजी काळा टाय चालतो. आणि बँड-गाऊन घालून बाजारात फिरू नका, त्यालाही मनाई आहे.

१६. नकलेसाठी, नोटीस लवकर काढण्यासाठी “काहीतरी” द्यावं लागतं म्हणतात.

देऊ नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. व्यवहाराचं बोलायचं तर नव्या माणसाने एकदा दिलं की त्याचा दर ठरतो. त्यापेक्षा अर्ज पूर्ण भरा, स्टॅम्प बरोबर लावा, कारकुनाची घाईची वेळ टाळून जा आणि नाव घेऊन बोला. अर्जात त्रुटी नसेल तर अडवायला कारण राहत नाही.

१७. जम बसेपर्यंत जोडीला नोकरी किंवा दुकान चालेल का?

पूर्ण वेळ पगारी नोकरी चालत नाही (नियम ४९). ती धरली तर सनद निलंबित करून ठेवावी लागते. स्वतः दुकान चालवणंही नाही (नियम ४७). कामात लक्ष न घालणारा भागीदार असायला हरकत नाही. विधी महाविद्यालयात दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवता येतं. लेखन, संपादनही चालतं. बायकोच्या नावावर एजन्सी आणि गल्ल्यावर वकीलसाहेब, हा प्रकार गावात लपत नाही.

१८. मला पुढे न्यायाधीश व्हायचंय. लहान गावातली वकिली धरतात का?

धरतात. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर पदासाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जाते. दाखला लागतो तो तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा, किंवा त्यांनी दुजोरा दिलेला दहा वर्षं जुन्या वकिलाचा. म्हणजे तीन वर्षं घरी अभ्यास करून शेवटी दाखला मागायला गेलात तर कुणी ओळखणारच नाही. मोठ्या शहरापेक्षा लहान कोर्टात हजेरी जास्त उठून दिसते, हा उलट फायदाच.

१९. मी एकटी मुलगी, बारमध्ये महिला वकील दोनच. सगळे मला फक्त कौटुंबिक केसेस देतात.

त्या घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. पोटगी, कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ ची प्रकरणं महिला वकिलाकडे आपोआप येतात, कारण बायकांना काही गोष्टी पुरुष वकिलापुढे बोलता येत नाहीत. ते काम बळकट आहे. धोका हा की दोन वर्षांत तुमच्यावर तसा शिक्का बसतो. म्हणून विधी सेवेच्या पॅनेलमधून (प्रश्न ४) फौजदारी खटले मागून घ्या आणि सीनियरकडे निदान एक जमिनीचा दावा पुराव्यापर्यंत स्वतः चालवायला मागा. एकदा भर कोर्टात चांगला उलटतपास झाला की ही वाटणी बरीच सैल होते.

पक्षकाराच्या घरी, हॉटेलवर, गाडीत चर्चा नको. बाररूम किंवा ऑफिस, उघड्या दाराने. “मॅडम, साइटवर येऊन जमीन बघा” याला जाताना सोबत कारकून किंवा सहकारी न्या.

२०. एक जण सल्ला विचारून गेला, फी दिली नाही. आठवड्याने त्याचा सख्खा भाऊ त्याच वाटपाच्या भांडणात आला. दुसऱ्याचं घेतलं तर चालेल?

नाही. नियम ३३ प्रमाणे दावा करण्याबाबत एका बाजूला सल्ला दिला की विरुद्ध बाजूने उभं राहता येत नाही. फी मिळाली की नाही याला महत्त्व नाही. पहिल्या भावाने सांगितलेलं गुपितही भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने बांधलेलं आहे.

लहान गावात हा प्रसंग वारंवार येतो. काही धूर्त माणसं तर गावातल्या चांगल्या वकिलांना एकेक करून “सल्ला” विचारून ठेवतात, म्हणजे विरुद्ध बाजूला कुणी उरू नये. उपाय साधा: माणूस खुर्चीत बसला की हकिगत ऐकायच्या आधी दोन्ही बाजूंची नावं, गाव आणि गट नंबर विचारा. आलेल्या प्रत्येकाची एका वहीत तारखेसह नोंद ठेवा, काम घेतलं नसेल तरी. नाव जुळलं तर तिथेच थांबवा.

२१. माझे चुलते ज्या तालुक्यात न्यायाधीश आहेत तिथेच वकिली केली तर?

त्यांच्यापुढे उभं राहता येणार नाही. काका, मामा, भाऊ, सासरे, चुलतभाऊ अशा जवळच्या नातेवाइकांच्या कोर्टात वकिलाने हजर राहायचं नाही. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या कोर्टात कायद्याने अडत नाही. तरी त्यांची बदली होईपर्यंत दुसरं गाव बरं. तुम्ही काही न करता पक्षकार तुमच्या नावावर भलत्या अपेक्षा ठेवतील, आणि त्याचा त्रास चुलत्यांना होईल.

२२. गावात एक भयंकर गुन्हा घडला. बारने ठराव केला की आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. आरोपीची आई माझ्याकडे आली आहे. मी नवीन आहे, काय करू?

असा ठराव कायद्यापुढे शून्य आहे. ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा आणि वकिलीच्या परंपरेला काळिमा फासणारे म्हटले. नियम ११ तर काम स्वीकारणं हे कर्तव्य मानतो. कामावर बहिष्काराचंही तेच: हरीश उप्पल निकालाने (२००२) वकिलांना संपाचा हक्क नाही हे ठरवलं आहे. पक्षकाराची महत्त्वाची तारीख असेल तर बहिष्काराच्या दिवशीही हजर राहा.

पण घ्यायलाच हवं का? तुमची तयारी, सुरक्षितता आणि घरच्यांचा विचार करून ठरवा. सत्र खटल्याचा अनुभव नसेल तर तसं स्पष्ट सांगून नाही म्हणणं प्रामाणिक आहे. “बारचा ठराव आहे” हे कारण देणं नाही. नाही म्हणायचं असेल तर त्या माउलीला रिकाम्या हाताने पाठवू नका. विधी सेवा समितीकडे अर्ज कसा करायचा ते लिहून द्या, बाहेरच्या तालुक्यातले दोन वकील सुचवा.

घ्यायचं ठरवलं तर बारच्या अध्यक्षांना आधी स्वतः जाऊन सांगा; त्यांना दुसऱ्याकडून कळू देऊ नका. शक्य असेल तर नेमणूक विधी सेवा समितीमार्फत करून घ्या. मग तुम्ही आरोपीचे नव्हे, न्यायव्यवस्थेने दिलेले वकील असता, आणि बरेच विरोधक तेवढ्यावर गप्प बसतात. नेमणुकीचं पत्र लेखी घ्या, एक प्रत वकीलपत्राबरोबर दाखल करा. कोर्टाच्या आवारात कुणी अडवलं तर त्याच दिवशी न्यायाधीशांना लेखी अर्ज द्या आणि रोजनाम्यात नोंद झाली का ते संध्याकाळी तपासा.